क्लीव्हलंड विरुद्ध हॅरिसन, १८९२ : निकाल प्रतिनिधिगृहात गेला असता तर? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जर-तरच्या इतिहासात अमेरिकेच्या निवडणुका हा सगळ्यांचा आवडता विषय, पण बहुतेक चर्चा लिंकन, केनेडी आणि निक्सन यांच्यापाशीच घुटमळते. ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि बेंजामिन हॅरिसन यांच्या फेरलढतीकडे फारसं कुणी पाहत नाही. माझ्या मते अमेरिकी राज्यघटनेतल्या सगळ्या विचित्र तरतुदी एकाच हिवाळ्यात कसाला लागल्या असत्या अशी ही एकमेव निवडणूक आहे. खाली जिथे 'असतं', 'झालं असतं' आहे ते कल्पित, बाकी सगळं घडलेलं.

फेरलढत म्हणजे नेमकी कोणती?

१८८८ साली राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड (डेमोक्रॅट) यांना हॅरिसन (रिपब्लिकन) यांनी हरवलं. १८९२ साली तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा हॅरिसन पदावर होते आणि क्लीव्हलंड माजी होते. क्लीव्हलंड जिंकले. अमेरिकेत फेरलढती आणखीही झाल्या, पण एक आजी आणि एक माजी राष्ट्राध्यक्ष अशी ही एकच. २०२४ मध्ये तशी दुसरी होऊ घातली होती, बायडेन यांनी जुलैमध्ये माघार घेतल्याने ती टळली.

१८८८ मध्ये क्लीव्हलंड यांना जास्त मतं होती ना? मग हरले कसे?

देशभरात त्यांना हॅरिसन यांच्यापेक्षा सुमारे ९० हजार मतं जास्त होती. पण राष्ट्राध्यक्ष ठरतो राज्यवार इलेक्टोरल मतांवर (प्रत्येक राज्याचे ठरावीक 'इलेक्टर' ती टाकतात आणि राज्य जिंकणाऱ्याला बहुधा ती सगळी मिळतात), आणि तिथे २३३ विरुद्ध १६८ असा निकाल लागला. एकट्या न्यूयॉर्कची ३६ मतं फिरली असती तर क्लीव्हलंड २०४ वर गेले असते आणि बहुमत होतं २०१. न्यूयॉर्कमधला फरक होता साधारण १४ हजारांचा. त्याच दिवशी त्याच राज्यात डेमोक्रॅट गव्हर्नर डेव्हिड हिल मात्र पुन्हा निवडून आले. पक्षाच्या स्थानिक यंत्रणेने हिल यांच्यासाठी जीव ओतला आणि क्लीव्हलंड यांना वाऱ्यावर सोडलं, हा संशय तेव्हाही होता. हॅरिसन यांच्या इंडियानात तर रिपब्लिकन पक्षाचे खजिनदार डब्ल्यू. डब्ल्यू. डडली यांचं पत्र फुटलं. विकाऊ मतदारांचे पाच-पाचांचे गट करा आणि प्रत्येक गट एकेका विश्वासू माणसाच्या ताब्यात द्या, अशी सूचना त्यात होती. त्या बदनामीनंतर इंडियानाने १८८९ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा केला.

१८९२ चा खरा निकाल काय होता?

क्लीव्हलंड २७७, हॅरिसन १४५ आणि पॉप्युलिस्ट पक्षाचे जेम्स वीव्हर २२. एकूण ४४४, बहुमत २२३. वीव्हर यांना दहा लाखांवर मतं पडली. पश्चिमेकडचे कर्जबाजारी शेतकरी आणि चांदीच्या खाणीवाले त्यांच्या मागे होते. या २२ मतांकडे लक्ष ठेवा, पुढे सगळं त्यांच्यावरच फिरतं.

तुमच्या कल्पनेत काय बदलतं?

तीन राज्यं. न्यूयॉर्क (३६), इंडियाना (१५) आणि कनेटिकट (६). क्लीव्हलंड यांनी न्यूयॉर्क सुमारे ४५ हजारांनी, इंडियाना सुमारे ७ हजारांनी आणि कनेटिकट ५ हजारांच्या आसपास मतांनी जिंकलं होतं. म्हणजे एक कोटी वीस लाखांच्या जवळपास मतदान झालेल्या निवडणुकीत तीसेक हजार माणसांनी इकडचं मत तिकडे टाकलं असतं तर आकडे असे दिसले असते : क्लीव्हलंड २२०, हॅरिसन २०२, वीव्हर २२.

कुणालाच २२३ नाहीत.

तीन राज्यं उगाच कशी फिरतील? कारण हवं.

कारणं दोन आहेत आणि दोन्ही प्रत्यक्षात अगदी थोडक्यात हुकली.

पहिलं न्यूयॉर्कचं. शहरातली डेमोक्रॅट मतं टॅमनी हॉल या पक्षाच्या तिथल्या यंत्रणेच्या मुठीत होती आणि टॅमनीला क्लीव्हलंड नको होते. उमेदवारी ठरताना शिकागोच्या अधिवेशनात न्यूयॉर्कचे प्रतिनिधी शेवटपर्यंत त्यांच्या विरोधात होते. सप्टेंबर १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिक्टोरिया हॉटेलात समेटासाठी जेवण ठरलं. एका बाजूला क्लीव्हलंड आणि त्यांचे विश्वासू विल्यम व्हिटनी, दुसऱ्या बाजूला टॅमनीचे मुखत्यार रिचर्ड क्रोकर आणि लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम शीहन. शीहन यांनी नेमणुकांबद्दल ठोस शब्द मागितला. क्लीव्हलंड यांनी टेबलावर मूठ आपटली. मी कुणालाही कसलंही वचन देणार नाही, त्यापेक्षा उमेदवारी सोडेन, असं त्यांनी बजावलं. त्या क्षणी सगळं क्रोकर यांच्यावर होतं. ते क्लीव्हलंड यांच्या बाजूने बोलले आणि टॅमनीची फौज प्रचाराला लागली. क्रोकर गप्प बसले असते आणि शीहन उठून गेले असते, तर १८८८ ची पुनरावृत्ती होण्याइतकी नाराजी त्या शहरात होती.

दुसरं कारण होमस्टेडचं. पेनसिल्व्हेनियातल्या अँड्र्यू कार्नेगी यांच्या पोलाद कारखान्यात ६ जुलै १८९२ ला कामगार आणि पिंकर्टन या खासगी कंपनीचे सुमारे ३०० भाडोत्री रखवालदार यांच्यात दिवसभर गोळीबार झाला. किमान १० माणसं मेली. त्यानंतर राज्याची मिलिशिया आली. रिपब्लिकन पक्ष सांगत होता की भरमसाट आयातकरामुळे अमेरिकी कामगाराला चांगली मजुरी मिळते. इथे तर त्याच संरक्षित उद्योगात मजुरी कापली जात होती. संपाचे पुढारी ह्यू ओडॉनेल यांनी मध्यस्थीसाठी गाठलं ते व्हाइटलॉ रीड यांना. रीड हे 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे मालक-संपादक आणि हॅरिसन यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. त्यांनी स्कॉटलंडमध्ये सुट्टीवर असलेल्या कार्नेगींना निरोप पाठवला. कार्नेगी आधी तयार दिसले, मग माघारले. कारखान्याचे प्रमुख हेन्री क्ले फ्रिक यांनी तडजोड साफ नाकारली. कार्नेगी आपल्या पहिल्या उत्तरावर ठाम राहिले असते आणि ऑगस्टमध्ये कामगार सन्मानाने कामावर परतले असते, तर त्याचं श्रेय रीड यांना मिळालं असतं. इंडियाना आणि कनेटिकटच्या कारखानदार गावांमध्ये तेवढं पुरेसं होतं.

हॅरिसन यांच्या पत्नीच्या निधनाने सहानुभूतीची लाट आली नसती का?

कॅरोलाइन हॅरिसन मतदानाच्या दोन आठवडे आधी, २५ ऑक्टोबरला व्हाइट हाउसमध्येच क्षयाने वारल्या. हॅरिसन प्रचाराला बाहेर पडलेच नाहीत आणि क्लीव्हलंड यांनीही त्यांचा मान राखून प्रचार थांबवला. लाट आली नाही. मी ती कल्पनेतही आणत नाही. एका माणसाच्या दुःखावर कथानक उभं करणं मला पटत नाही.

कुणालाच बहुमत नाही, तर पुढे काय?

१८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीनुसार राष्ट्राध्यक्ष निवडतं प्रतिनिधिगृह, म्हणजे काँग्रेसचं (अमेरिकी संसदेचं) कनिष्ठ सभागृह. मात्र तिथे सदस्यवार मतदान होत नाही. प्रत्येक राज्याला एकच मत, मग ते न्यूयॉर्क असो की नेवाडा. तेव्हा ४४ राज्यं होती, म्हणजे २३ मतं हवीत. उपराष्ट्राध्यक्ष निवडतं सिनेट, पहिल्या दोघांमधून, आणि तिथे प्रत्येक सिनेटरला स्वतःचं मत असतं.

आता यातली मेख. १९३३ पर्यंत हे काम नव्याने निवडून आलेली काँग्रेस करत नसे. मुदत संपत आलेली जुनी काँग्रेस करायची. १८९३ च्या फेब्रुवारीत बसलं असतं ते गृह १८९० साली निवडलेलं होतं. मॅकिन्ली आयातकर कायद्यावर चिडलेल्या मतदारांनी त्या वर्षी रिपब्लिकनांचा धुव्वा उडवला होता. ३३२ पैकी त्यांचे ८६ उरले होते, डेमोक्रॅट २३८. दक्षिणेतली सगळी राज्यं डेमोक्रॅटांकडे होतीच, शिवाय न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकट, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या सदस्यांतही त्यांचं बहुमत होतं. २३ चा आकडा पहिल्याच फेरीत गाठला गेला असता.

म्हणजे हॅरिसन यांनी नोव्हेंबर १८९२ मध्ये काहीही कमावलं असतं तरी फेरलढतीचा निकाल नोव्हेंबर १८९० मध्येच लागून बसला होता.

मग सिनेट?

सिनेट रिपब्लिकनांकडे होतं. सिनेटर तेव्हा थेट लोकांकडून निवडले जात नसत, राज्यांची विधिमंडळं त्यांना सहा वर्षांसाठी पाठवत, त्यामुळे १८९० चा राग तिथवर पोचला नव्हता. समोर दोन नावं : डेमोक्रॅट अडलाय स्टीव्हन्सन आणि रिपब्लिकन व्हाइटलॉ रीड. स्टीव्हन्सन यांच्याबद्दल रिपब्लिकन सिनेटरांच्या मनात जुनी अढी होती. क्लीव्हलंड यांच्या पहिल्या कारकिर्दीत टपाल खात्यात असताना त्यांनी रिपब्लिकन पोस्टमास्तरांना सरसकट घरी पाठवलं होतं. १८८९ मध्ये क्लीव्हलंड यांनी जाता जाता त्यांना कोलंबिया जिल्ह्याच्या न्यायालयावर नेमायचं ठरवलं, तर सिनेटने ते नाव मंजूरच होऊ दिलं नाही. हे सिनेट स्टीव्हन्सन यांना उपराष्ट्राध्यक्ष करणार नव्हतं.

४ मार्च १८९३ ला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड आणि उपराष्ट्राध्यक्ष रीड असते.

असं पूर्वी कधी झालं आहे?

प्रतिनिधिगृहाने निवड करण्याचा प्रसंग १८२५ मध्ये आला. अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ आणि जॉन क्विन्सी अॅडम्स यांना ८४ इलेक्टोरल मतं होती, तरी गृहाने २४ पैकी १३ राज्यांच्या मतांनी अॅडम्स यांना निवडलं. जॅक्सन यांनी १८२८ च्या फेरलढतीत वचपा काढला. सिनेटने उपराष्ट्राध्यक्ष निवडला तो एकदाच, १८३७ मध्ये, रिचर्ड मेंटर जॉन्सन यांना. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी आणि उलट दिशेने कधीच झालेल्या नाहीत.

डेमोक्रॅटांनी वीव्हर यांचे तीन इलेक्टर फोडले असते तर?

या कल्पनेवरचा हा पहिला मोठा आक्षेप आणि तो खरा आहे. २२० अधिक ३ म्हणजे २२३. शिवाय कोलोरॅडो, आयडाहो, कॅन्सस अशा राज्यांत डेमोक्रॅटांनी आपले इलेक्टर उभेच केले नव्हते, हॅरिसन यांना पाडण्यासाठी आपली मतं वीव्हर यांच्याकडे वळवली होती. त्यामुळे ओळखी होत्या, येणं-जाणं होतं. इलेक्टरांचं मतदान ९ जानेवारी १८९३ ला होतं. दोन महिने बोलणी चालली असती.

पण नीट पाहिलं तर सौदा क्लीव्हलंड यांच्यासाठी करायची गरजच नव्हती, ते गृहात निवडून येणारच होते. गरज होती ती स्टीव्हन्सन यांना वाचवायची. इलेक्टर राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना वेगवेगळं मत देतो. वीव्हर यांना मत देऊनही तिघांनी दुसरं मत स्टीव्हन्सन यांना दिलं असतं, तर सिनेटचा प्रश्नच मिटला असता. आणि स्टीव्हन्सन चांदीवाल्यांना (सोन्याबरोबर चांदीचंही चलन हवं म्हणणाऱ्यांना) जवळचे होते! हे घडण्याची शक्यता मला बरीच मोठी वाटते. त्याच्या विरोधात एकच वजनदार गोष्ट आहे. पॉप्युलिस्ट पक्ष पहिल्यांदाच राष्ट्रीय निवडणूक लढत होता. पहिल्याच खेपेला आपला उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जेम्स फील्ड यांना सोडून जुन्या पक्षाला हात द्यायचा, तर गावोगावच्या शेतकऱ्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी इलेक्टर फुटले नसते असं धरून चालतो. कुणी उलट धरलं तर त्याला चूक म्हणणार नाही.

सिनेटमध्ये डेमोक्रॅट गैरहजर राहिले असते तर?

हा दुसरा आक्षेप पहिल्याहून चिवट आहे. बाराव्या दुरुस्तीत उपराष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी सिनेटच्या दोन-तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती लागते. ८८ पैकी ५९. रिपब्लिकन एकटे तेवढे नव्हते. डेमोक्रॅट सिनेटर उठून गेले असते तर निवड अडली असती. हजर असून मत न देणाऱ्याला गणपूर्तीत धरावं की नाही, यावर स्पीकर थॉमस रीड यांनी १८९० मध्ये प्रतिनिधिगृहात मोठं वादळ ओढवून घेतलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला होता. (हे रीड वेगळे, व्हाइटलॉ रीड यांचे नातलग नव्हेत.) सिनेटमध्ये तोच वाद पेटला असता.

निवड झालीच नसती तर उपराष्ट्राध्यक्षपद ४ मार्चला रिकामं राहिलं असतं. १८८६ च्या वारसा कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांना काही झालं तर सूत्रं परराष्ट्रमंत्र्याकडे जात. क्लीव्हलंड यांचे परराष्ट्रमंत्री होते वॉल्टर ग्रेशम, आयुष्यभर रिपब्लिकन राहून १८९२ मध्ये क्लीव्हलंड यांना पाठिंबा दिलेले. म्हणजे त्या वाटेनेही जुना रिपब्लिकनच. पण मार्चपासूनच्या नव्या सिनेटमध्ये रिपब्लिकनांचं बहुमत उरलं नव्हतं, आणि त्याने मागाहून स्टीव्हन्सन यांना निवडायचा प्रयत्न केला असता हेही उघड आहे.

मला वाटतं डेमोक्रॅटांनी सभात्याग केला नसता. १८७६ च्या निवडणुकीच्या १८७७ मधल्या वादग्रस्त मोजणीला सोळाच वर्षं झाली होती, राष्ट्राध्यक्षपद हाती आलं होतं आणि क्लीव्हलंड यांना असले डावपेच आवडत नसत.

उपराष्ट्राध्यक्ष कोण याने इतका काय फरक पडतो?

एरवी पडला नसता. १८९३ च्या जुलैत पडला असता.

क्लीव्हलंड यांच्या टाळूवर गाठ आली होती आणि डॉक्टरांना कर्करोगाचा संशय होता. देशात बँका धडाधड बुडत होत्या, वॉल स्ट्रीट कोसळलं होतं. सोन्याच्या चलनावर ठाम असलेला राष्ट्राध्यक्ष आजारी आहे आणि मागे चांदीकडे झुकलेले स्टीव्हन्सन उभे आहेत, हे कळलं तर घबराट आणखी वाढेल, म्हणून शस्त्रक्रिया गुप्त ठेवली. १ जुलैला एलायस बेनेडिक्ट या मित्राच्या 'ओनायडा' या खासगी बोटीवर, चालत्या बोटीत, डॉ. जोसेफ ब्रायंट यांच्या हाताखाली शस्त्रक्रिया झाली. बोटीच्या दालनात खुर्ची डोलकाठीला बांधून त्यात राष्ट्राध्यक्षांना बसवलं होतं. वरच्या जबड्याचा डावा भाग काढला आणि पुढे त्या जागी रबराचा तुकडा बसवला, त्यामुळे बोलणं पूर्ववत झालं. एका वार्ताहराने ऑगस्टमध्ये बातमी फोडली तर त्यालाच खोटं ठरवण्यात आलं. चमूतले एक शल्यविशारद, डॉ. विल्यम कीन, यांनी १९१७ मध्ये सगळं छापलं, तेव्हा क्लीव्हलंड जाऊन नऊ वर्षं झाली होती.

त्यांचं वय होतं ५६, शरीर अवाढव्य, भूल ईथर आणि नायट्रस ऑक्साइडची. ते दगावले असते तर नवल वाटलं नसतं, आणि आपल्या कल्पनेत रीड राष्ट्राध्यक्ष झाले असते.

यात मुंबईच्या टांकसाळीचा संबंध काय?

थेट संबंध आहे. २६ जून १८९३ ला हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी घेऊन जावं, ठरलेला आकार भरावा आणि रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. चांदी उतरत गेल्याने दोन दशकांपूर्वी दोन शिलिंगांच्या घरात असलेला रुपया सव्वा शिलिंगावर आला होता, आणि सरकारला इंग्लंडला पैसे पाठवायचे ते पौंडांत. जगातला चांदीचा एक मोठा गिऱ्हाईक एका दिवसात बाजारातून उठला. अमेरिकेत चांदीचा भाव कोसळला. दुसरा मोठा गिऱ्हाईक अमेरिकी सरकार होतं, १८९० च्या शर्मन कायद्याने ते दरमहा ४५ लाख औंस चांदी घेत होतं. ३० जूनला क्लीव्हलंड यांनी तो कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावलं आणि त्याच संध्याकाळी ते बोटीवर चढले.

व्हाइटलॉ रीड राष्ट्राध्यक्ष झाले असते तरी टांकसाळ बंदच झाली असती, तो निर्णय ब्रिटिशांचा होता. शर्मन कायदाही रद्द झाला असता, कारण रीड सोन्याच्या बाजूचे होते. म्हणजे आपल्याकडच्या कुणब्याच्या घरात चांदीच्या तोड्या-वाळ्यांत साठवलेली पुंजी रुपयांत घसरायची ती घसरलीच असती. या बाबतीत वॉशिंग्टनमध्ये कोण बसलं आहे याने काडीचाही फरक पडत नव्हता.

मग फरक कुठे पडला असता?

कृष्णवर्णीय नागरिकांच्या मतदानात, आणि माझ्या लेखी हा सगळ्या कल्पनेतला सर्वांत मोलाचा भाग आहे.

यादवी युद्धानंतर, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला, निवडणुकांवर केंद्राची देखरेख ठेवणारे कायदे झाले होते. १८९० मध्ये हेन्री कॅबट लॉज यांनी ते बळकट करणारं विधेयक आणलं. प्रतिनिधिगृहात ते निसटत्या बहुमताने पास झालं आणि सिनेटमध्ये बुडालं. त्याच १८९० च्या नोव्हेंबरात मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदानकर आणि वाचनपरीक्षेच्या आडून कृष्णवर्णीयांना यादीतून हद्दपार केलं. त्याच महिन्यात पुण्यात जोतीराव फुले वारले. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना त्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली होती. १८९४ च्या फेब्रुवारीत डेमोक्रॅट काँग्रेसने देखरेखीचे उरलेसुरले कायदेही रद्द केले आणि क्लीव्हलंड यांनी सही केली.

रीड यांनी सही केली नसती. नकाराधिकार उलटवायला दोन-तृतीयांश मतं लागतात आणि तेवढी डेमोक्रॅटांकडे नव्हती. कायदे टिकले असते. त्यांची अंमलबजावणी झाली असती असं मी म्हणत नाही, १८९० च्या दशकातल्या रिपब्लिकनांना दक्षिणेच्या भांडणात पडायची इच्छा उरली नव्हती. पण पुस्तकात असलेला कायदा पुढच्या एखाद्या न्यायालयाला, एखाद्या ॲटर्नी जनरलला वापरता येतो. रद्द झालेला येत नाही. प्रत्यक्षात तसं संरक्षण परत यायला १९५७ आणि १९६५ चे कायदे यावे लागले.

प्राप्तिकर?

१८९४ च्या आयातकर विधेयकात चार हजार डॉलरवरच्या उत्पन्नावर २ टक्के कर होता. क्लीव्हलंड यांनी सही न करता ते कायदा होऊ दिलं, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कर घटनाबाह्य ठरवला, त्यावर तोडगा म्हणून १९१३ ची सोळावी दुरुस्ती आली. रीड यांनी विधेयक मुळातच परत पाठवलं असतं. तो खटला झाला नसता, आणि दुरुस्तीची चळवळ कदाचित उशिरा उभी राहिली असती.

हवाई?

हॅरिसन यांनी जाता जाता केलेला विलीनीकरणाचा तह क्लीव्हलंड यांनी मार्च १८९३ मध्येच मागे घेतला होता. रीड यांनी तो पुन्हा पाठवला असता, पण सिनेटमध्ये दोन-तृतीयांश जमले नसते. हवाईच्या पदच्युत राणी लिलिउओकलानींना राज्य परत मिळालं नसतंच.

१८९६ मध्ये मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन झालं असतं का?

प्रत्यक्षात १८९६ मध्ये रिपब्लिकन विल्यम मॅकिन्ली यांनी डेमोक्रॅट ब्रायन यांना हरवलं. कल्पनेत, माझ्या मते, तशी लढत झाली नसती. मंदीचं खापर प्रत्यक्षात डेमोक्रॅटांवर फुटलं, १८९४ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या शंभरावर जागा गेल्या. व्हाइट हाउसमध्ये रीड असते तर तो राग दोन्ही पक्षांत विभागला गेला असता आणि रिपब्लिकनांना रीड यांना डावलून मॅकिन्ली यांना आणणं जड गेलं असतं. विल्यम जेनिंग्ज ब्रायन तेव्हा नेब्रास्काचे तरुण खासदार होते. बेकारी आणि बुडालेल्या बँका घेऊन उभ्या असलेल्या, जनतेने न निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध त्यांची सभा कशी रंगली असती, याचा अंदाज करायला फार कष्ट पडत नाहीत. ब्रायन जिंकले असते असं मी म्हणेन. त्या विजयानंतर खुली चांदी, म्हणजे चांदीची हवी तेवढी नाणी पाडायची मुभा, आली असती, आणि तिथून पुढचं भाकीत करण्याची माझी तयारी नाही.

हे आज होऊ शकतं?

हो. बारावी दुरुस्ती कायम आहे, राज्याला एक मत हेही कायम आहे. बदललं एवढंच की १९३३ च्या विसाव्या दुरुस्तीमुळे आता निवड नवी काँग्रेस करते.

स्टीव्हन्सन यांचं प्रत्यक्षात काय झालं?

चार वर्षं उपराष्ट्राध्यक्षपद भोगलं, ऑपरेशनबद्दल त्यांना काही कळू दिलं गेलं नाही. १९०० मध्ये ब्रायन यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि हरले. ती मॅकिन्ली-ब्रायन फेरलढत होती. त्यांचा त्याच नावाचा नातू १९५२ आणि १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्याविरुद्ध लढला, दोन्ही वेळा हरला.